वऱ्हाडचा कापूस आणि एका खरेदीदाराचे राज्य

शेतमालाच्या व्यापारात एकाधिकार असावा की नसावा, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा तत्त्वाच्या पातळीवर होते. एक पक्ष सरकारी अथवा सहकारी एकाधिकारात शेतकऱ्याचे तारण पाहतो, दुसरा पक्ष त्यातच त्याचे मरण पाहतो, आणि आपला माल गाडीत भरून ज्याने बाजाराची वाट प्रत्यक्ष तुडविली त्या कास्तकाराचा अनुभव मात्र या दोघांच्याही युक्तिवादात क्वचितच प्रमाण मानला जातो. वास्तविक या प्रश्नाचा निवाडा अनुभवाच्या आधारे करावयाचा झाल्यास वऱ्हाडाइतका योग्य मुलूख महाराष्ट्रात दुसरा नाही. गेल्या दोनशे वर्षांत या मुलुखाने कापसाच्या निमित्ताने एकाधिकाराची जवळजवळ सर्व रूपे पाहिली आहेत: महसुलाच्या इजाऱ्याबरोबर आलेला पेढीवाल्यांचा, संगनमताने चाललेला अडत्यांचा आणि जिनवाल्यांचा, कायद्याने स्थापिलेला सरकारचा, आणि अखेरीस बियाण्याचा. यांपैकी प्रत्येकाने आपण आल्यामुळे शेतकऱ्याचे भले झाले असे म्हटले आहे, आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात काही अंश सत्याचाही होता. तो अंश किती आणि कोठे संपतो, हे पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, ओल धरून ठेवणारी जमीन कापसाला सर्वस्वी अनुकूल असली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कापूस मुख्यतः तेथेच कातला जाई आणि तेथेच विणला जाई, कारण तो दूरच्या बाजारी नेण्यास बैलांच्या तांड्यावाचून अन्य साधन नव्हते. १८२५-२६ साली विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडच्या पयानघाटातून, म्हणजे याच खोऱ्याच्या सखल प्रदेशातून, १,२०,००० पौंड साफ केलेला कापूस ५०० बैलांच्या पाठीवर लादून मुंबईस धाडला, आणि मुंबईत त्याचे मोल २५,००० रुपये ठरले. मोठ्या प्रमाणावरील निर्यातीचा हा पहिला प्रसंग म्हणून इतिहासात नमूद आहे. या धाडसाचे श्रेय त्या व्यापाऱ्यांना दिलेच पाहिजे, कारण ज्या मालाला गावाबाहेर गिऱ्हाईक नव्हते त्याला त्यांनी समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक मिळवून दिले. परंतु त्या काळचा वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली होता, निजामाच्या दरबाराला अखंड कर्जाची निकड असे, आणि कर्ज देणाऱ्या सावकाराच्या हाती महसुलाचा इजारा सोपविणे ही तेथील कारभाराची रूढ तजवीज होती. पूरणमल सावकाराने वऱ्हाडच्या मोठ्या भागाचा इजारा अशाच रीतीने उपभोगला, आणि पुढे पेस्तनजींच्या पेढीकडेही कर्जाच्या मोबदल्यात तेथील महसूल लावून देण्यात आला. सारा वसूल करणारा आणि माल खरेदी करणारा हात एकच झाला, म्हणजे रयतेच्या हाती भावाची घासाघीस करण्यास काहीही उरत नाही. साऱ्याची मुदत आली की माल द्यावयाचा, आणि माल कोणास द्यावयाचा हा प्रश्नच उद्भवत नाही. नवा बाजार निर्माण करण्याइतपत भांडवल व धाडस एखाद्या बलवान पेढीजवळच असू शकते, हा एकाधिकाराच्या बाजूचा सर्वांत जुना युक्तिवाद येथे खरा ठरला. आणि तो बाजार एकदा निर्माण झाल्यावर त्याचा लाभ उत्पादकापर्यंत पोहोचू न देण्याचे सामर्थ्यही त्याच पेढीजवळ असते, हे त्या युक्तिवादाचे उत्तरही येथेच मिळाले.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे आला आणि इजाऱ्याची पद्धत मोडली. त्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव असे काही चढले की शहाण्या माणसांचीही मती गुंग झाली. युद्ध संपताच मुंबईचा सट्टा कोसळला, हे सर्वश्रुत आहे. परंतु वऱ्हाडच्या दृष्टीने त्या तेजीचे टिकाऊ फळ म्हणजे लोहमार्ग होय. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६३ साली भुसावळास आणि १८६७ साली नागपुरास पोहोचली, १८७० साली खामगावची शाखा लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुली झाली, आणि पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीसही रूळ गेले. बैलांच्या तांड्याला जेथे दोन-दोन महिने लागत, तेथे काही दिवसांत माल मुंबईच्या गोदीत पोहोचू लागला, आणि रॅली ब्रदर्स, फोल्कार्ट यांसारख्या परदेशी पेढ्यांचे गुमास्ते मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या बरोबरीने खामगाव-अकोल्याच्या बाजारात उतरले. एकाच्या जागी अनेक गिऱ्हाईक आले, आणि वऱ्हाडच्या कास्तकाराने रोख पैसा प्रथमच मोठ्या प्रमाणावर पाहिला.

तथापि गिऱ्हाइकांची संख्या वाढल्याने ग्राहकाचे व मालाच्या गुणाचे रक्षण आपोआप होते असे नाही, हेही त्याच काळाने दाखवून दिले. हिंगणघाटची बनी हा त्या वेळचा मध्य हिंदुस्थानातील नामांकित कापूस. तिचा धागा बारीक आणि लांब, आणि नागपूर-उमरेडच्या कोष्ट्यांची रेशीमकाठी धोतरे अशाच बारीक सुतावर उभी राहिलेली. परंतु निर्यातदाराला वजन हवे होते. बनीत जाड, आखूड धाग्याचा ‘जरी’ नावाचा कापूस मिसळला तरी गाठ तेवढीच भरे, आणि बनी निर्मळ ठेवणाऱ्या शेतकऱ्यास तिचे वेगळे मोल कोणी देईना. जरीचे पीक अधिक येई आणि तिच्यातून रुईही अधिक निघे. तेव्हा शेतकऱ्याने बनीची पेर हळूहळू सोडली, यात त्याचा दोष तो काय? भेसळीला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ सालीच कायदा केला होता आणि मध्य प्रांत व वऱ्हाड यांच्यासाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा स्वतंत्र कापूस कमिशनर नेमण्यात आला होता. पण ज्या गुणाला बाजारात किंमत नाही तो गुण हुकमाने टिकत नाही.

आता त्या बाजाराचे अंतरंग जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण एकाधिकार नेहमी एकाच धन्याच्या नावाने चालतो असे नाही, आणि शंभर गिऱ्हाईक असूनही विकणाऱ्यास एकच गिऱ्हाईक भेटावे अशी स्थिती वऱ्हाडच्या गंजांतून वर्षानुवर्षे नांदत होती. पौष-माघाच्या थंडीत पाच-सात कोसांवरून रात्रभर चालून आलेली कापसाची गाडी पहाटे बाजारात सुटते. शेतकरी ज्या अडत्याकडे जातो त्याच्याकडून त्याने पेरणीच्या वेळी उचल घेतलेली असते, म्हणून दुसऱ्या अडत्याची पायरी चढण्याचा विचारही तो करीत नाही. गिऱ्हाईक येतो, गाडीतून मूठभर वानगी ओढून धागा ताणून पाहतो, आणि अडत्याचा हात आपल्या हातात घेऊन वर रुमाल टाकतो. रुमालाखाली बोटे दाबली जातात, सोडली जातात, पुन्हा दाबली जातात, आणि ज्याचा माल आहे तो जूं धरून त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहत उभा राहतो. सौदा ठरला हे त्याला कळते, कितीला ठरला हे मागाहून कळते. मग काट्यावर तोलाई, हमाली, अडत, कडता, धर्मादाय, गोरक्षण अशा एकामागून एक कपाती पट्टीत चढत जातात, वानगीच्या मुठी तर हिशेबातच धरल्या जात नाहीत. आणि भाव पटला नाही म्हणून भरलेली गाडी परत न्यावी, तर बैलांची वैरण, दोन दिवसांचा खोळंबा आणि घरी वाट पाहणारा साऱ्याचा तगादा यांचा विचार करून तो बिचारा मान हलवितो. परत जाण्याची ज्याला सोय नाही त्याच्यापुढे गिऱ्हाइकांची गर्दी असली काय आणि नसली काय, सारखेच.

या स्थितीवर सरकारने शोधलेला उपाय मोठा साधा होता, आणि माझ्या मते कापसाच्या व्यापाराच्या साऱ्या इतिहासात तो सर्वांत शहाणपणाचा होता. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजा येथे कापसाचा पहिला नियंत्रित बाजार स्थापन झाला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची हद्द आखून द्यावी, तोलाऱ्यास व अडत्यास परवाने द्यावेत, वजनमापे तपासावीत, कोणती कपात घ्यावी व कोणती घेऊ नये हे ठरवून द्यावे, इतकेच या कायद्याचे काम. माल कोणी घ्यावा हे त्याने सांगितले नाही; तो कसा घ्यावा एवढेच सांगितले. हा उपाय पूर्ण मात्र नव्हता: बाजार समित्यांत व्यापाऱ्यांचेच प्राबल्य राहिले, उत्पन्नाचा बराच भाग नगरपालिकांच्या तिजोरीत गेला, आणि ज्याच्यासाठी कायदा झाला तो शेतकरी समितीच्या बैठकीत दिसेना. तरीही १९२८ साली शेतकीविषयक रॉयल कमिशनने वऱ्हाडच्या पद्धतीची दखल घेऊन देशभर नियंत्रित बाजार स्थापण्याची शिफारस केली. मुंबई इलाख्याने १९२७ सालीच कापूस बाजारांचा कायदा केला होता, पुढे १९३९ साली सर्व शेतमालासाठी कायदा झाला, आणि १९६३ च्या महाराष्ट्र कायद्याखाली आज ज्या कृषि उत्पन्न बाजार समित्या चालतात त्यांची वंशावळ अशा रीतीने कारंज्यापर्यंत जाऊन पोहोचते.

बाजाराच्या आवारात शिस्त आली, तेव्हा संगनमताने जिनांच्या अंगणात बस्तान बसविले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाड-खानदेशांत गरजेपेक्षा कितीतरी अधिक जिन व प्रेस उभे राहिले होते. हंगाम अपुरा आणि यंत्रे फार, अशा वेळी स्पर्धेने सरकी काढण्याची मजुरी उतरावयास हवी होती. परंतु कारखानदारांनी आपापसांत पूल केले: काही जिन चालू ठेवावेत, काही बंद ठेवावेत, दर सर्वांनी मिळून ठरवावा, आणि बंद राहिलेल्यांनाही नफ्याचा वाटा पोहोचवावा. बंद जिनाच्या मालकास घरबसल्या जे मिळे ते अखेर कोणाच्या गाडीतून निघत होते, हे सांगावयास नको. येथे ना सरकारची सनद होती ना कायद्याचा आधार. केवळ आपसातील कराराच्या बळावर कृत्रिम महागाई निर्माण करण्यात आली, आणि तिची झळ एकीकडे कापूस विकणाऱ्यास व दुसरीकडे कापड विकत घेणाऱ्यास लागली. खुल्या व्यापाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हे प्रकरण विसरता कामा नये.

या सर्व पूर्वेतिहासाचे ओझे पाठीवर घेऊनच स्वतंत्र महाराष्ट्राचे राज्य कापसाच्या प्रश्नाकडे वळले. देशातील कापसाखालील क्षेत्राचा सुमारे एक तृतीयांश भाग या एका राज्यात, त्यातील बहुतेक जमीन कोरडवाहू, पाऊस वेळेवर पडला तर पीक, नाही तर नुसत्या पऱ्हाट्या. हंगामाच्या तोंडावर भाव पडावयाचे आणि माल व्यापाऱ्याच्या गोदामात गेल्यावर ते चढावयाचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पश्चिम महाराष्ट्रात ऊस उत्पादकांनी सहकारी कारखाने काढून आपल्या मालाचे धनीपण आपल्याकडे घेतले होते, मग कापूस उत्पादकाने गाठीपर्यंतचा, किंबहुना गिरणीच्या दारापर्यंतचा लाभ का मिळवू नये, हा विचार त्या काळी अनेक सज्जनांच्या मनात घोळत होता, आणि तो विचार उदात्त होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७१ साली कच्च्या कापसाची खरेदी, प्रक्रिया व विक्री यांविषयीचा कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामात, म्हणजे महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला त्याच वर्षी, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खासगी व्यापाऱ्यास राज्यात कापूस घेण्याची मनाई झाली, परवान्यावाचून कापूस राज्याबाहेर नेणे गुन्हा ठरले, आणि राज्य सहकारी पणन महासंघ, ज्याला खेड्यापाड्यांत नुसते फेडरेशन म्हणत, तो एकमेव खरेदीदार झाला. १९८४ पासून हे काम कापूस उत्पादकांच्या स्वतंत्र पणन महासंघाकडे सोपविण्यात आले.

योजनेची रचना विचारपूर्वक केलेली होती. शेतकऱ्याने संकलन केंद्रावर कापूस आणावा, ग्रेडरने त्याची प्रत ठरवावी, प्रतीप्रमाणे हमी भाव द्यावा. महासंघाने सरकी काढून, गाठी बांधून त्या विकाव्यात, आणि विक्रीत हमी भावापेक्षा अधिक मिळाले तर त्यातून शेतकऱ्यास बोनस द्यावा व काही भाग किंमत चढउतार निधीत ठेवून मंदीच्या वर्षी त्याचा आधार घ्यावा. कापूस दिवाळीत आणला काय आणि फाल्गुनात आणला काय, अमरावतीत घातला काय आणि यवतमाळच्या आडबाजूच्या केंद्रावर घातला काय, एका प्रतीला एकच भाव. त्यामुळे हंगामाच्या तोंडची मंदी नाहीशी झाली आणि बाजारापासून दूर असलेल्या गावाला अंतराचा दंड भरावा लागेनासा झाला. रुमालाखालची बोटे गेली, धर्मादायाची कपात गेली, आणि ज्यांनी आपल्या मालाचा भाव कधी उजेडात ऐकला नव्हता त्यांना तो फलकावर वाचावयास मिळू लागला. काही हंगामांत बोनसही मिळाला. आजही खेड्यांतील वृद्ध कास्तकार योजनेच्या पहिल्या वर्षांबद्दल कृतज्ञतेने बोलतात, आणि ती कृतज्ञता खोटी नाही.

परंतु योजनेच्या पायातच एक दोष होता, आणि तो माणसांच्या अप्रामाणिकपणाहून खोल होता. महाराष्ट्राच्या सीमेच्या आत महासंघ एकमेव खरेदीदार होता. सीमेबाहेर मात्र तो अनेक विक्रेत्यांपैकी एक होता. मुंबईची, कोइमतूरची वा अहमदाबादची गिरणी गुजरातचा, पंजाबचा किंवा आंध्रचा कापूस घेण्यास मोकळी होती, तेव्हा गिरणीकडून अधिक भाव वसूल करण्याचे सामर्थ्य महासंघास कोठून येणार? घेताना एकाधिकार आणि विकताना खुला बाजार, अशा दुहेरी स्थितीत जे हमी भाव राजकीय निकडीपोटी बाजारापेक्षा चढे ठेवले जात त्यांचा भार अखेर सरकारी तिजोरीवर, म्हणजे सर्व प्रजेवर पडे. आणि बाहेरचा भाव चढला की उलट शेतकऱ्यास आपण कोंडले गेलो असे वाटे. दुसऱ्याच वर्षी, १९७३-७४ साली, बाजार फार चढल्यामुळे योजना स्थगित करावी लागली, यातच पुढील तीस वर्षांची कुंडली मांडली गेली होती. त्यानंतर हा खेळ सतत चालला: बाहेर भाव अधिक असला की रात्रीच्या अंधारात गाड्या आणि ट्रक आदिलाबादकडे, पांढुर्ण्याकडे, सेंधव्याकडे निघावयाचे, तपासणी नाक्यांवर शेतकरी स्वतःच्याच मालाचा चोर ठरावयाचा, आणि बाहेर भाव पडलेला असला की परराज्यातील कापूस व्यापाऱ्यांच्या मार्फत, येथल्या शेतकऱ्यांच्या नावाने, आपल्याच केंद्रांवर येऊन पडावयाचा. चढत्या बाजारात महासंघास माल मिळेना, पडत्या बाजारात तो उचलवेना.

त्या संकलन केंद्रांचे एक दृश्यही पाहण्याजोगे आहे. केंद्राच्या फाटकापासून सडकेच्या कडेने गाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग लागलेली असे, आणि हंगाम भरात असला की नंबर यावयास कित्येक दिवस जात. बैल तेथेच सोडावयाचे, भाकरी तेथेच खावयाची, रात्री कापसावर घोंगडे टाकून तेथेच निजावयाचे. आत गेल्यावर ग्रेडर कापसात हात घालतो, ओल आहे म्हणतो, कवडी आहे म्हणतो, आणि वरच्या प्रतीऐवजी खालची प्रत लिहितो. शेतकरी म्हणतो, ‘साहेब, पहिल्या वेच्याचा माल हाय,’ पण त्याच्या म्हणण्यावर दाद मागावयाची कोणाजवळ, कारण हा ग्रेडर नापसंत म्हणून दुसऱ्याकडे जावे तर दुसरा कोणी कायद्याने असूच शकत नव्हता. मग चुकारा. आरंभीच्या काळात तो हप्त्यांनी मिळे, पुढे महासंघाजवळ पैसा नसला की महिनोन्‌महिने तुंबे; शिवाय भांडवल निर्मितीसाठी शेकडा ३ कापले जात, आणि सेवा सहकारी संस्थेच्या पीककर्जाची वसुलीही चुकाऱ्यातूनच होई, जी न्याय्य असली तरी ज्याच्या घरी लग्न वा आजारपण उभे असे त्याला सीमेपलीकडच्या रोख पैशाची ओढ लावी. अडत्याच्या जागी अंमलदार आला, तरी भरलेली गाडी परत नेता न येणारा शेतकरी तेथेच उभा होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कापसाच्या बाजाराची मोकळीक मागितली तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. वस्तुतः त्या मागणीत सडकेच्या कडेने रात्री काढणाऱ्यांचा अनुभव बोलत होता.

आणि ग्राहक? एकाधिकारामुळे दलाल गेले म्हणजे कापड स्वस्त होईल, ही योजनेच्या समर्थकांची आणखी एक अपेक्षा होती. ती सफल झाली नाही, आणि होणे शक्यही नव्हते. कापडाच्या किमतीत कापसाचा अंश मर्यादित. कातणी, विणकाम, रंगकाम आणि दुकानदारी यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट. गिरणीला आणि सूतगिरणीला हवी असते ती विशिष्ट धाग्याची, कचरा नसलेली गाठ ठरल्या दिवशी मिळण्याची शाश्वती. पण प्रतीनुसार माल वेगळा राखण्यात ढिलाई झाली, गंजी उघड्यावर राहिल्या, विक्रीचे निर्णय समित्यांच्या बैठकांची वाट पाहत थांबले, आणि बाजार उतरत असता गाठी गोदामात पडून राहिल्या. इचलकरंजीच्या वा मालेगावच्या मागवाल्याला सूत स्वस्त मिळाले नाही, आणि लुगडे घेणाऱ्या बाईला त्यात काही लाभ झाला असे दाखविता येत नाही. हिंगणघाटच्या बनीला स्पर्धेच्या बाजारात जशी वेगळी किंमत मिळाली नाही, तशीच उत्तम वेचणी करणाऱ्या शेतकऱ्याला एकाधिकाराच्या केंद्रावरही पुरती मिळाली नाही. गुणाची कदर दोन्ही व्यवस्थांनी सारखीच केली.

नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात हमी भाव आणि जागतिक भाव यांतील अंतर रुंदावत गेले, २००१ साली जगाच्या बाजारात कापूस कित्येक वर्षांच्या नीचांकाला पोहोचला, महासंघाचा तोटा हजारो कोटींच्या घरात गेला, आणि २००२ साली खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा खरेदीची मुभा देण्यात आली. त्याच वर्षी, मार्च महिन्यात, केंद्र सरकारने बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी दिली. विकण्याच्या दारावरचा एकाधिकार उठला आणि पेरण्याच्या दारावर नवा उभा राहिला. ते बियाणे गुणहीन नव्हते. बोंडअळीपासून त्याने आरंभी खरोखर संरक्षण दिले, फवारण्या कमी झाल्या, आणि म्हणूनच शेतकऱ्यांनी ते आपखुशीने घेतले. पण ४५० ग्रॅमच्या पाकिटास १,६०० रुपयांहून अधिक मोजावे लागत, त्यात १,२५० रुपये केवळ तंत्रज्ञानाचे शुल्क म्हणून धरलेले, आणि हे तंत्रज्ञान देणारा दुसरा कोणी नव्हता. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारीविषयक आयोगापुढे दाद मागितली, २००६ साली आयोगाने हे शुल्क अवाजवी ठरविले, आणि पाकिटाचा दर ७५० रुपयांपर्यंत खाली आला. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदा केला. दर निम्म्याहून खाली येऊनही बियाणे विकले जातच राहिले, यावरून आधीच्या दरात परिश्रमाचा मोबदला किती आणि पर्याय नसल्याचा दंड किती, याचा अंदाज कोणीही करावा. मधल्या काळात बाजारातून बिगर-बीटी वाण जवळजवळ नाहीसे झाले, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली तेव्हा दुसरे बियाणे शोधावयाचे कोठे, हा प्रश्न पुन्हा त्याच कोरडवाहू शेतकऱ्यापुढे उभा राहिला.

या दोन शतकांच्या वृत्तांतावरून एकाधिकार सर्वथा त्याज्य असे म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. पहिला बाजार काढणाऱ्या पेढीने, हमी भाव देणाऱ्या महासंघाने आणि नवे बियाणे आणणाऱ्या कंपनीने प्रत्येकी काहीतरी असे दिले की जे विखुरलेल्या स्पर्धकांकडून त्या वेळी मिळाले नसते. परंतु हा लाभ प्रत्येक वेळी आरंभीच्या काही वर्षांपुरताच राहिला, आणि पुढे शेतकऱ्याला दुसरीकडे जाता येत नाही याच एका गोष्टीतून लाभ काढण्याची सवय त्या सत्तेला लागली. मग ती सत्ता सावकाराची असो, सहकाराच्या नावाने चालणारी असो, वा शास्त्राच्या. उसाच्या सहकारी कारखान्यांनाही हद्दीबाहेर ऊस नेऊ न देणाऱ्या झोनबंदीने अशीच सवय लावली, हे पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्यास सांगावयास नको. उलट कारंज्याच्या १८८६ च्या हुकमाने कोणासही मक्ता दिला नाही, कोणतेही मोठे आश्वासन दिले नाही. खरा काटा, जाहीर भाव आणि ठरलेली कपात एवढेच त्याने मागितले, आणि त्याची परंपरा आजतागायत टिकली.

तेव्हा सरकारने कापसाच्या बाजारात असावेच, पण एकमेव गिऱ्हाईक म्हणून असू नये. २००८-०९ आणि २०१४-१५ या मंदीच्या हंगामांत भारतीय कापूस महामंडळाने हमी भावाने खरेदी केली, तेव्हा व्यापाऱ्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने भावाला तळ दिला, आणि ज्याला व्यापारी पसंत होता त्याला कोणी अडविले नाही. याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे मार्च २०१२ मधील निर्यातबंदी: गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून देशाबाहेरचे दार एका रात्रीत लावण्यात आले, आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे ते काही दिवसांतच उघडावे लागले. ग्राहकाच्या हिताचे नाव घेऊन उत्पादकाची वाट बंद करणे हाही एकाधिकाराचाच एक प्रकार आहे, मग त्यावर कोणतीही पाटी लावलेली असो. कापसाची नवी योजना, नवा कायदा किंवा नवे बियाणे घेऊन कोणीही वऱ्हाडात आला, तर त्याला शेतकऱ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: तुमचा काटा कोण तपासणार, चुकारा किती दिवसांत देणार, आणि तुमचा भाव पटला नाही तर मी माझी गाडी कोणाकडे नेऊ? पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही गोड असली, तरी तिसऱ्याला ज्याच्याजवळ उत्तर नाही त्याच्या हाती आपले पीक सोपवू नये.